आयोजक जबाबदार राहणार नाहीत!

मे महिन्यात ‘निसर्ग संस्कार’ शिबिर, जून उजाडला की ‘पावसाळी थरार’. शहरातली पोरं सकाळी बसमध्ये भरायची, महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ मुलखात दिवसभर चिखलात लोळवायची आणि रात्री आईबापांच्या ताब्यात द्यायची. टोपी, टी-शर्ट, पिठलं-भाकरी, प्रमाणपत्र, सगळं फीमध्ये. अर्जाच्या तळाशी मात्र, चष्मा पुसूनही दिसणार नाही अशा अक्षरांत, एक ओळ असते: कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. त्याखाली पालकांची सही. कर्जाच्या कागदांवर करतो तशीच, न वाचता.

सही झाली की आयोजकाला वाटतं, सुटलो. कायदा इतका भोळा नाही. निष्काळजीपणाने मूल दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा सही करून माफ करायला आईबापांच्या घरचा नसतो. भरपाईचं म्हणाल, तर 1995 च्या मे महिन्यात डलहौसी पब्लिक स्कूलने मुलांना बियास नदीवर सहलीला नेलं आणि 14 मुलं बुडाली. शाळा भरपाईविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2001 मध्ये न्यायालयाने मुलामागे 5 लाखांची भरपाई कायम केली. शिक्षकांची चूक ती शाळेची चूक. शिबिरातल्या ‘ताई-दादां’ची चूकही मालकाच्याच खात्यावर पडते, मग ते दादा कालच गावातून रोजाने उचललेले असोत.

सही कुचकामी ठरली की बाहेर निघतो हुकमाचा एक्का: देवाची करणी.

इथे जरा महाड तालुक्यातल्या तळीये गावाकडे बघावं. 22 जुलै 2021. त्या 24 तासांत वर महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला, खाली सावित्रीने महाड बुडवलं आणि तळीयेवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. चहूकडे पूर, रस्ते बंद. बचावपथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. वाचलेल्यांनी पुढे कंटेनरच्या घरांत दिवस काढले. देवाची करणी म्हणण्याचा हक्क या लोकांना आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते. त्यानंतरही अशाच उतारांखाली भर जुलैत फी घेऊन पोरं आणणाऱ्याला तो हक्क कुणी दिला? ज्याची कल्पनाच करता आली नसती अशा संकटासाठी हा बचाव असतो. तुम्ही तर जाहिरातीत पाऊस ठळक टायपात छापलाय, धबधब्याच्या फोटोसकट!

जबाबदारी डोंगराशी सुरू होते असंही नाही. 28 जुलै 2018 ला पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली. 30 जण गेले, एक वाचला. ती मोठी, जाणती माणसं होती; शिबिरात तर पोरं असतात. म्हणून बस कुणाची, चालक कोण, घाट कोणता, हेही आयोजकालाच बघावं लागतं.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण तळीयेनंतर महिन्याभरात, ऑगस्ट 2021 मध्ये आलं. दोर, कडा, ट्रेक विकायचे तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा, प्रशिक्षित माणसं ठेवा. आपल्याकडच्या हुशारांनी त्यावरही तोडगा काढला: ‘साहस’ खोडून ‘संस्कार’ लिहा. दोर तोच, पाटी नवी. आणि बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी करायची असते. किती शिबिरांच्या आचाऱ्यांची झालीय? पालकही मेनू विचारतात, आचारी कोण ते विचारत नाहीत.

विचारायचंच असेल तर फोन करून तीन गोष्टी विचारा. रुग्णवाहिका किती वेळात पोचेल? रेड अलर्ट आला तर शिबिर रद्द करणार का? आणि केलं तर पैसे परत? पहिल्या दोन प्रश्नांना ‘काहीच काळजी करू नका’ एवढंच उत्तर येतं. तिसऱ्याचा मात्र नियम तोंडपाठ असतो, क्रमांकासकट.