खुरपं आणि सोनं

सकाळी साडेनऊला आमच्या मेंदीच्या कुंपणाशी अर्ध्या साताऱ्याचा कारभार चालतो. पलीकडून काकू शेवग्याची पानं ओरबाडत असतात, अलीकडे मी कपडे वाळत घालते. त्या दिवशी माझ्याकडे ताजी बातमी होती. पोटात राहीना.

"काकू, कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा माहितीये ना? कॉलेजात पाहिला काल. वर्गात नाही हो, बागेत! हातात खुरपं, कमरेला टॉवेल. आणि त्याची आई आपल्याला सांगते, लायब्ररीत अभ्यास करतो म्हणून!"

काकूंनी मान वर केली नाही. "मग? लायब्ररीत कोण घाम गाळतं? खुरपं धरलं तर काय हात झडले?"

"तसं नाही, पण..."

"कमवा आणि शिका योजनेत असंल. तासावर पैसे मिळतात. पुस्तकांचा खर्च निघतो. आमच्या मामंजींनी नाही का बोर्डिंगात पिठं मळली? पुढं मास्तर झाले."

झालं. काकूंचे मामंजी निघाले की दुपारचा स्वयंपाक बोंबलतो, हे मला ठाऊक आहे. पण आमचे युवराज अजून वर पांघरुणात होते, मग मीही बादली खाली ठेवली.

"धनिणीच्या बागेत होते बघ, अण्णांच्या बोर्डिंगात." अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. आमच्या साताऱ्यात नुसतं अण्णा म्हटलं तरी पुरतं. "स्वतः पीठ मळायचं, स्वतः भाकऱ्या थापायच्या, झाडलोट करायची, शेतात राबायचं. आणि जेवायला सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. मामंजी पहिल्या सुट्टीत गावी आले, तर त्यांच्या आईनं दारातच थांबवलं. आधी अंगणात अंघोळ, मग उंबरा! पोरगं बाटून आलं म्हणाली. मामंजी काय म्हणाले माहितीये? 'आई, तिथल्या आमटीला तुझ्या आमटीपेक्षा मीठ बेताचं असतं.' दोन दिवस बोलली नाही माउली."

मला हसू आवरेना. काकूंना तेवढंच हवं होतं.

"अण्णा स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते गं! कुंभोजचे, १८८७ चा जन्म. कोल्हापूरला शिकायला गेले, पण गणिताचं काही जमेना. साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहतो, तेव्हा त्याला बांधावरची पोरंही दिसतात. दिवसभर गुरांमागं. शाळा असली तर कोसभर लांब, आणि तिथं गेलं तर जेवणार काय, राहणार कुठं? अण्णांनी हे ओळखलं. नुसती शाळा काढून भागत नाही. आधी पोराच्या ताटाची आणि अंथरुणाची सोय. म्हणून बोर्डिंग."

"आणि पैसा?"

"तीच तर गोष्ट!" काकूंनी शेवग्याची डहाळी माझ्यावर रोखली. "१९१९ चा दसरा. कराडजवळच्या काले गावात संस्थेची सुरुवात. मामंजी दर दसऱ्याला आपट्याची पानं वाटताना म्हणायचे, रयत शिक्षण संस्था सोन्याच्या दिवशी जन्मली. पाच वर्षांनी सगळा पसारा साताऱ्याला आला. १९२७ ला गांधीजी आले, तेव्हा बोर्डिंगला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. नाव मोठं झालं, पण चूल रोज पेटायला लागते ना! पोरं वाढत चाललेली, धान्याचा खडखडाट. अण्णा देणग्यांसाठी फिरतीवर. घरात कोण? वहिनी."

"वहिनी?"

"लक्ष्मीबाई. पोरं त्यांना वहिनी म्हणायची. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, आणि दारात ही सगळ्या जातींची पोरं! आधी किती जड गेलं असंल. पण मग त्यांचीच आई झाली. एकेक दागिना गेला. शेवटी एक दिवस कोठीत दाणा नाही, पोरं उपाशी, अण्णा गावाला. तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. नवरा जिवंत असताना! त्या काळी बायका काय काय बोलल्या असतील?"

मी गप्प. आज कुंपणाशी उभ्या राहून बोलणाऱ्या बायका कोण, हे मला चांगलंच कळत होतं.

"१९३० ला गेल्या बिचाऱ्या. मामंजी बोर्डिंगात गेले ते त्यांच्या पश्चात, पण पोरं त्यांच्याच गोष्टी सांगायची. अण्णांची ती पांढरी दाढी, तो खादीचा वेश सगळ्यांना ठाऊक आहे. १९५९ ला पुणे विद्यापीठानं त्या नापास माणसाला डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषण, आणि मेमध्ये तेही गेले. पुतळे अण्णांचे जिथंतिथं. ते व्हायलाच हवेत. पण मी म्हणते, आज सातशेच्या वर शाखा आहेत, त्यांच्या वहीत पहिली जमा कुणाची मांडायची? आपण आपट्याची पानं वाटतो आणि सोनं सोनं म्हणतो. त्या बाईनं खरं सोनं वाटलं, आणि घेणाऱ्या पोरांना कळूही दिलं नाही."

"तुम्ही दिलं असतं, काकू?"

काकूंनी गळ्यातलं डोरलं चाचपलं. "खोटं कशाला बोलू? आधी सासूला विचारलं असतं, मग सोनाराला, मग तुला. तोवर पोरं उपाशी!"

तेवढ्यात कोपऱ्यावरची बाई पिशवी घेऊन समोरून आली. मी झटकन बादलीत डोकं घातलं. काकू कसल्या ऐकतायत!

"काय गं, तुझा लेक कॉलेजात खुरपं धरतो म्हणे!"

ती जागीच थबकली. चेहरा उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी बादलीतला टॉवेल तिसऱ्यांदा पिळला.

"अगं, तोंड कशाला पाडतेस? आमच्या मामंजींचा वारस निघाला म्हणायचा! रविवारी पाठव त्याला इकडं. शेवग्याच्या बुंध्याशी गवत किती माजलंय बघ. पैसे मात्र आधी ठरवून. फुकट राबवून घ्यायची नाही मी."

तिनं दोघींकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात त्यानं स्वतःच्या पैशांनी परीक्षेची फी भरली, काकू. मला कळू दिलं नाही. पावती सापडली, तेव्हा समजलं."

"हे लायब्ररीपेक्षा चांगलं सांगण्यासारखं आहे," काकू म्हणाल्या. "हे सांग गावभर."

ती हसत गेली. चालीतही फरक पडला होता. काकूंनी पानांची टोपली काखेला मारली आणि माझ्या बाजूच्या जमिनीकडे नजर टाकली. "तुझ्या अंगणातही गवत झालंय की गं."

"हो ना. माणूस मिळत नाही हल्ली."

"वर झोपलेला कोण आहे मग?"

मी तडक माडीवर गेले आणि युवराजांचं पांघरूण ओढलं. "ऊठ, परसात खुरपायचंय!" त्यानं एक डोळा उघडून विचारलं, "खुरपं कुठाय?"

ते मलाच सापडेना. काकूंकडून उसनं आणावं लागलं.