हंडा सोडा, नळी धरा

पुसदच्या पोरानं बी.एस्सी. नाहीतर बी.फार्म. केलं की नोकरीला बोईसर, कुरकुंभ, बुटीबोरी. तिथं बरेचदा थेट रिॲक्टरवरची शिफ्ट. समजा नायट्रेशन चालू आहे. हजारो लिटरच्या भांड्यात आम्ल बारीक धारेनं सोडायचं, भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून गार ब्राइन (मिठाचं पाणी) खेळवायचं आणि तापमानावरून नजर हटवायची नाही. स्टरर बंद पडला तर आम्ल न मिसळताच साचत जातं. तो पुन्हा फिरला की साचलेलं सगळं एकदम भडकतं आणि तेवढी उष्णता ओढून घ्यायला भांड्याची भिंत पुरत नाही.

२३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत रिॲक्टर फुटला, दहाहून अधिक माणसं गेली. मे २०१६ मध्येही तिथं स्फोट झाला होता. दोन्ही वेळा चर्चा कारखाने हलवण्याची. अहो, हलवाल तिथंही रिॲक्टरपाशी कुणाचं तरी पोरगंच उभं राहणार ना!

हलवायचा तो रिॲक्टरचा हंडा. त्याच्या जागी आणायची नळी. दोन पंप, काही मिलिमीटरची नळी, दोन्ही द्रव नळीत भेटतात आणि वाहता वाहताच अभिक्रिया होते. नळी बारीक, त्यामुळे उष्णता लगेच बाहेर पडते आणि आत एका वेळी माल थोडाच. बिघडलं तर पंप बंद करायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. अमोल कुलकर्णी यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय; २०२० चा भटनागर पुरस्कारही त्यांना मिळाला. औषधांच्या अखंड उत्पादनाची क्यू१३ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. आता नियमांची सबब चालणार नाही.

प्रत्येक अभिक्रिया नळीत बसत नाही, हे खरं. एकाच रिॲक्टरवर चार उत्पादनं काढणाऱ्या छोट्या कारखानदाराला खर्चही जड जातो. मग सरकारनं तिथं हात द्यावा. औषधांच्या कच्च्या मालासाठी २०२० मध्ये केंद्रानं ६,९४० कोटींची योजना आणली, पण तिचं प्रोत्साहन विक्रीवर. माल किती विकला याइतकंच, भांड्यात एका वेळी किती ठेवला हेही मोजा.

आणि पुसदच्या महाविद्यालयांनी थांबू नये. ॲस्पिरिनचं प्रात्यक्षिक पोरं चंबूत करतातच. येत्या सत्रात तेच टेफ्लॉनच्या नळीत, गरम पाण्यात बुडवून करून बघा. बाहेर येणारा द्रव गरम असतानाच धरा, गार झाला तर दाणे धरून नळी तुंबते. तुंबली तर तुंबू द्या. ती मोकळी कशी करायची, हे पोरांना कारखान्यात जायच्या आधी इथंच कळेल.