स्मरणिकेत आजी हवी, देवी नको

एडिसन, न्यू जर्सी

ती. अण्णाकाकांस,


आजीच्या स्मरणिकेचा मसुदा मिळाला. मजकूर ओघवता आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे, आणि आजी त्यात कुठेच नाही. त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, साक्षात अन्नपूर्णा ही विशेषणं गावातल्या कुठल्याही दिवंगत बाईला चालतील. फ्लेक्सवाल्याकडे ती तयारच असतात. त्याने फक्त वरचा फोटो बदलायचा आणि खाली शोकाकुल पुतण्यांचे त्याहून मोठे छापायचे. नव्वदी ओलांडलेल्या बाईचं आयुष्य सांगायचं तर तपशिलांनी सांगावं, आणि ते खरखरीत असले तरी तासून गुळगुळीत करू नयेत, असं इथल्या सर्वांचं मत पडलं. आपल्या घरात एकमत झालं हीसुद्धा छापण्याजोगीच बातमी.

तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाचे दोष काढायचे नसतात. दोष काढा असं आम्ही म्हणतच नाही, स्वभाव लिहा म्हणतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांचा राग, त्यांचा पैशाशी असलेला उभा दावा, न सांगता घरातून निघून जाणं, सगळं त्यांनी लिहिलं आणि हसत हसत लिहिलं. त्यामुळे टिळक वाचकांच्या मनातून उतरले का? उलट त्यांच्या कविता न वाचलेले लोकही त्यांना घरातल्यासारखे ओळखतात. आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ १९४४चं. नवऱ्याच्या संस्थेपायी घरात होणारी पैशाची ओढाताण त्यांनी झाकली नाही, आणि तरीही १९५८मध्ये, शंभराव्या वर्षी, महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळालंच. बायकोने खरं लिहिल्याने ते अडलं नाही. मग आजीचा तिखट स्वभाव छापल्याने आपल्या घराण्याचं असं काय अडणार आहे? त्या आघाडीवर मिळण्यासारखं काही शिल्लक आहे असंही वाटत नाही.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मोठ्या आत्याने फोनवर बरोबर पकडला: लक्ष्मीबाईंनी स्वतःचं लिहिलं, आपण दुसऱ्याचं लिहिणार, तेही तिला न विचारता. हे मान्य. म्हणून एक मर्यादा सुचवतो. आजी जे दहा माणसांसमोर बोलत असे ते छापावं; जे एकाच्याच कानात सांगितलं ते त्या कानातच राहू द्यावं. दुखणी आणि इस्टेट ही दोन्ही प्रकरणं वगळावीत. (इस्टेटीबद्दल लिहिलं तर तुमचा आणि भाऊकाकांचा अबोला पुन्हा सुरू होईल आणि स्मरणिका पुढच्या वर्षावर जाईल.)

पुरावा कुठून आणायचा, तिने डायरी कुठे ठेवली होती, असं तुम्ही पत्रात विचारलंय. अण्णाकाका, स्वयंपाकघरातली फळी बघा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. कुणी दिलं, कशानिमित्त, कोणत्या तारखेला, सगळं कोरलेलं असतं. मुंज, बारसं, डोहाळजेवण, गृहप्रवेश. राजांचे ताम्रपट इतिहासकार भिंगातून वाचतात आणि आपण आपले मोडीत देऊन वर प्लास्टिकचा टब घेतो. त्यातल्या बहुतेक भांड्यांवर आजोबांचं नाव निघेल हे कबूल, पण भांडी घासणारी एक आणि नाव दुसऱ्याचं, हाही पुरावाच झाला. नावावरून आठवलं: तिचं माहेरचं नाव मसुद्यात नाही. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव तेवढं उरतं आणि आधीची मुलगी पुसली जाते. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनू गोखले होत्या, रमाबाई रानडे यमुना कुर्लेकर होत्या. त्या नामवंत म्हणून हे आपल्याला ठाऊक. इथल्या अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांमध्ये बाईचं माहेरचं आडनाव सहसा असतं, तिची नोकरी असते, चर्चच्या विक्रीसाठी ती कुठला केक भाजायची हेही असतं. त्यांचं सगळंच घ्यावं असं नाही, एवढं घेता येईल.

मसुद्यात तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला मात्र अख्खं पान आहे. हजार पौर्णिमा ८१व्या वर्षात आपोआप पुऱ्या होतात, त्यासाठी बाईला काही करावं लागत नाही. रोजच्या २० पोळ्या धरल्या तर ६० वर्षांत ४,३८,००० होतात, आणि पाहुणेरावळे त्यात धरलेले नाहीत. चंद्र मोजायला गुरुजी बोलावले, पोळ्या कुणी मोजल्या? ‘साक्षात अन्नपूर्णा’ म्हटलं की हा हिशेब मिटतो, कारण देवीची कंबर दुखत नाही.

राहिला भाऊकाकांचा मुद्दा, की प्रत्येकाची आठवण वेगळी आहे, त्यातली खरी कोणती. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवून रिद्धपुरात ग्रंथ केला, त्याही लोकांना विचारूनच. सांगणाऱ्यांत फरक पडला तिथे पाठभेद नोंदले गेले, कुणाचा पाठ कोणता ते नावानिशी. सातशे वर्षं तो ग्रंथ टिकला. तेव्हा दोन्ही आत्यांच्या आठवणी शेजारी शेजारी छापा आणि खाली नावं घाला. कुठली खरी ते ठरवायला बसलात तर दिवाळी उजाडेल.

इथल्या पोरांना मराठी वाचता येत नाही ही अडचण खरी आहे. पण ‘वात्सल्यसिंधू’ त्यांना वाचून दाखवलं तरी कळणार नाही, आणि ‘चहात साखर कमी पडली की ती कप परत पाठवायची’ हे लगेच कळेल.

आमच्या वर्गणीतून फ्लेक्सचे पैसे वजा करून कागदाला लावा. आणि कोणी भांडी मोडीत काढायला निघालं असेल तर आधी त्यांचे फोटो काढून पाठवा, नावाची बाजू कॅमेऱ्याकडे करून. काकूंना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
अमेरिकेतली मंडळी