नानांची गाडी उभी आहे

ट्रक ड्रायव्हर म्हटला की लोकांच्या मनात वेग येतो. खानदेशातल्या नानांच्या बाबतीत (धुळ्यापासून मुक्ताईनगरापर्यंत ज्यानं ज्यानं तीस-चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलं, तो शेवटी नानाच होतो; क्वचित आप्पा) हा समज साफ चुकीचा आहे. नाना हा मुळात थांबणारा माणूस आहे. दोन थांबण्यांच्या मध्ये वेळ उरतो, तेवढ्यात तो गाडी चालवतो. पुरावा कोणत्याही एका खेपेत सापडेल. माल भरेपर्यंत थांबायचं, ताडपत्रीला दोर बसेपर्यंत थांबायचं, मुनीमजी जेवून येऊन बिल्टी फाडतील तोवर थांबायचं, वजनकाट्यावर थांबायचं. पोहोचल्यावर हमाल येईपर्यंत आणि मग वाराईचा, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीचा, वाद मिटेपर्यंत थांबायचं. सगळ्यांत मोठं थांबणं परतीच्या भाड्याचं. रिकामी गाडी आणणं हा या धंद्यात गुन्हा आहे, म्हणून नाना परगावच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर गाडीखाली चादर टाकून पडतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यानं मे महिन्यात त्या चादरीवर एक दुपार काढावी.

कायद्यालाही हे थांबणं दिसलं होतं, पण अर्धवट. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले, आणि कामाचे तास मोजताना थांब्यावरचं नुसतं हजर राहणंही त्यात धरलं. अट एवढीच की ते १५ मिनिटांपेक्षा कमी असावं. म्हणजे चौदा मिनिटं ताटकळलं तर काम. चौदा तास ताटकळलं तर काय, हे नानांना कुणी सांगितलेलं नाही, आणि पंधरा मिनिटांत उरकलेलं थांबणं त्यांच्या आठवणीत एकही नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो पारोळा-एरंडोलच्या माणसाकडून. इतके थांबणारे असतील, तर जुन्या दुपदरी सहा नंबर महामार्गावर समोरून एस.टी. येत असताना ओव्हरटेक कोण मारत होतं? नानाच. त्याचं समर्थन करता येत नाही, त्या रस्त्यानं माणसं खाल्ली आहेत. पण कारण समजून घेता येतं, आणि ते कारण म्हणजे केळी. जळगावच्या डाळीला, चटईला थांबलेलं चालतं. पाइपांच्या गाडीत तर माल कमी आणि हवा जास्त, त्या हवेचं थांबल्यानं काही बिघडत नाही. रावेर-सावद्याची केळी मात्र हिरवी भरायची आणि हिरवीच दिल्लीला पोहोचवायची. जगातल्या सगळ्यांत कमी थांबणाऱ्या मालाची जबाबदारी जगातल्या सगळ्यांत जास्त थांबवल्या जाणाऱ्या माणसावर, असा हा करार आहे. लोडिंगला गेलेले सहा तास रस्त्यावर भरून काढावे लागतात. एवढं पळून आझादपूर मंडीच्या बाहेर पोहोचायचं ते कशासाठी, तर रांगेत पुढचा नंबर लागावा म्हणून. नानांचा वेग हा थांबण्याचाच जोडधंदा आहे.

दुसरा आक्षेप सुशिक्षित आहे: हे सगळं जुनं झालं, आता चौपदरी रस्ते, फास्टॅग, जीएसटी. यात तथ्य आहे. मुलुंडच्या जकात नाक्यावर उजाडेपर्यंत घोरणारी पिढी २०१७ च्या जुलैत एका रात्रीत बेकार झाली. २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांवरून होणारं संभाषण संपलं. पण थांबणं संपलं नाही, त्यानं जागा बदलली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरड कोसळली, तेव्हा फास्टॅगला ती उचलता आली नाही. शिवाय २०१८ पासून ई-वे बिल आलं. त्याची मुदत आधी शंभर किलोमीटरला एक दिवस, २०२१ पासून दोनशेला एक. म्हणजे आता केळीबरोबर कागदही पिकतो. वाराई तर कोणत्याही सॉफ्टवेअरला अजून सापडलेली नाही.

खरी अडचण वेगळीच झाली आहे. पूर्वी शेठचा फोन ढाब्यावर यायचा, मागे शेवभाजीला फोडणी बसल्याचा आवाज असायचा, आणि नाना शांतपणे म्हणायचे, ‘‘आठेच शे, शेठ.’’ हे ‘आठे’ (म्हणजे इथे) सोनगीरपासून सेंधव्यापर्यंत कुठेही असू शकायचं. आता गाडीला जीपीएस बसलं आहे. शेठच्या मुलाला मोबाइलवर टिंब दिसतं, ते दोन तास हललेलं नसतं, आणि तो विचारतो, ‘‘नाना, गाडी उभी का?’’ बी.कॉम. झालेल्या पोराला धंद्याचा हा मूळ प्रश्न पडावा, याचं नानांना कौतुक वाटतं. ते ताट पुढे ओढतात आणि सांगतात, ‘‘इंजिन थंड करी ऱ्हायनू.’’