पद्मिनीला ताप देणाऱ्या मिस्त्रींस

आदरणीय मिस्त्री,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ज्या गृहस्थांकडून मी ही १९९१ची प्रीमियर पद्मिनी घेतली, त्यांनाही ते आठवेना. ‘वडाखाली बसायचे, हुशार माणूस, फार पैसे घेत नसत,’ एवढंच ते म्हणाले. पैसे कमी घेतलेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. उरलेले मी भरतो आहे.

किल्ली देताना त्यांनी तुमचं एक वाक्यही जसंच्या तसं माझ्या स्वाधीन केलं : ‘फियाट आहे, तापणारच.’ काय वाक्य आहे! गिऱ्हाईक रडत आलं की बोनेट उघडायचं, काहीतरी काढून टाकायचं, काहीतरी ओतायचं, आणि पुन्हा तापली की दोष गाडीच्या कुळाला. डॉक्टर मंडळींनाही इतकी सोय नाही.

तर आधी त्या कुळाबद्दलच बोलू. ही तीच गाडी ना, जी १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट म्हणून बाहेर पडली, पुढे १९७४च्या सुमारास पद्मिनी झाली आणि काळा-पिवळा रंग चढवून मुंबईभर टॅक्सी म्हणून धावली? मे महिन्यातला दादरचा सिग्नल, आत कोंबून बसलेलं कुटुंब, टपावर ट्रंका आणि वळकट्या, दिवसपाळीचा ड्रायव्हर उतरला की रात्रपाळीचा तयार. तिच्या शेवटच्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईचा निरोप घेतला, तोही वयोमर्यादेचा नियम आडवा आला म्हणून. उकळली म्हणून नव्हे. १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन. त्याची उष्णता बाहेर फेकायला समोरचा तांब्या-पितळेचा रेडिएटर पुरून उरतो, त्याला काम करू दिलं तर. तुम्ही नेमकं तेवढंच होऊ दिलं नाहीत.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करतो. वरच्या होज पाईपच्या मुळाशी त्याचं घर असतं. नट सोडून झाकण उचललं, तर आत पोकळी! गॅस्केट म्हणून वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर निळ्या शाईत कुणाचा तरी गृहपाठ. तुमच्या चिरंजीवांचा असेल तर अक्षर चांगलं आहे, असं सांगा.

त्या हरवलेल्या चकतीच्या पोटात मेण असतं, मिस्त्री. पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशांच्या घरात पोचलं की ते वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे निघतं. तोवर झडप बंद, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. ही झडप बंद अवस्थेत अडकली तर गाडी उकळते, हे खरं. काढून टाकली की गाडी सुटते, हेही खरं. त्यावरून तुम्ही असा निष्कर्ष काढलात की कारखानदाराने हा भाग गिऱ्हाइकाला छळायलाच बसवला आहे. अडकलेला काढून नवा बसवतात, हे काही तुमच्या मनाला शिवलं नाही. परिणामी डिसेंबरात सकाळी निघालं की कात्रज आलं तरी काटा हलायला तयार नाही. चोक आत ढकलला की गाडी आचके देते, पेट्रोल मात्र भरभरून पिते. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उघडावं तर आतून पांढरट चिकटा, कारण ऑइलमधली दमट वाफ उडून जाण्याइतकं इंजिन तापतच नाही. तापणाऱ्या गाडीला न तापण्याचाही रोग लावून दिलात. एकाच गाडीत दोन्ही!

एका बाबतीत मात्र मी तुमचा वकील आहे. गॅरेजांतून एक सिद्धान्त चालतो की थर्मोस्टॅट नसला तर पाणी इतकं जोरात पळतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही. मला तो कधीच पटला नाही. पळणारं पाणी उष्णता जास्तच वाहून नेतं. तेव्हा त्या आरोपातून तुम्ही निर्दोष. तुमच्या बाजूने बोलायची ही एकच संधी मिळाली, ती सोडवेना.

नवा थर्मोस्टॅट मी बसवण्याआधी तपासला. पातेल्यात पाणी घेतलं, चकती दोऱ्याने मधोमध टांगली (तळाला टेकू द्यायची नाही, तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो), शेजारी थर्मामीटर सोडला आणि गॅस लावला. पारा ऐंशीच्या पुढे सरकला तशी झडप आधी केसभर उचलली, दोरा किंचित हलला, आणि पाणी खळखळायला लागेपर्यंत ती पुरती उघडली. गॅस बंद केला. पाणी निवलं तशी मुकाट्याने जागेवर बसली. चहा उकळतो तेवढ्या वेळात होणारी ही परीक्षा आहे. आमच्या घरी ते पातेलं त्यानंतर ओट्यावर घेतलं गेलं नाही. ते तुमच्या खात्यावर मांडलं आहे.

आता हळदीकडे येऊ.

रेडिएटर गळत होता म्हणून तुम्ही त्यात हळद टाकलीत. जुना इलाज आहे. आडरानात रात्री अडकलेल्या ट्रकवाल्याला तो गावापर्यंत पोचवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावात पोचल्यावर रेडिएटर खाली उतरवून डाख द्यायचा असतो. तुम्ही मात्र गळती थांबली म्हणून आनंदाने थोडी टाकलीत, आणि पुन्हा सुटली म्हणून आणखी टाकलीत. नाना पेठेतल्या रेडिएटरवाल्या चाचांनी झाळ वितळवून वरची टाकी उचलली, आत बोट फिरवलं आणि पिवळा-तपकिरी चिखल माझ्या नाकासमोर धरून विचारलं, ‘लग्न कुणाचं होतं, साहेब?’

टाकी निघाली की खाली चपट्या नळ्यांची तोंडं ओळीने दिसतात. निम्म्याशिम्म्या बुजलेल्या. जिथे तुमची हळद नव्हती तिथे तुमचं बोअरचं पाणी होतं. वर्षानुवर्षं ते ओतलंत आणि त्यातल्या क्षारांचा, न्हाणीघरातल्या बंबाला आतून धरतो तसा, थर नळ्यांना धरला. पातळसा थरही उष्णता अडवून धरतो. बाहेरून हात लावावा तर रेडिएटर वरच्या कडांना चटका देणारा आणि मध्यभागी कोमट. हे तुमच्या तळहातालाही कळलं असतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, हात लावायची तसदी लागते.

चाचांनी पातळ पोलादी पट्टी घेऊन एकेका नळीतून सळई मारली. वरून सरळ आत, अडलं की मागे, पुन्हा आत. जोर केला तर नळी फाटते आणि मग अख्खी जाळीच बदलावी लागते, म्हणून त्यांचा हात संथ चालत होता आणि तोंड तुमच्याबद्दल भराभर. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. मग टाक्या पुन्हा झाळल्या, तोंडं रबराने बंद केली, हवा भरली आणि रेडिएटर हौदात बुडवला. बुडबुडे दोन जागांहून आले. दोन्ही जागा तुम्ही थापलेल्या इपॉक्सीच्या लांबीखाली. लांबी खरवडली तेव्हा खाली पितळ जसंच्या तसं काळं. ते घासण्याइतकेही कष्ट तुम्ही घेतले नव्हते.

रेडिएटरचं टोपण हे पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून असतं, अशी तुमची समजूत दिसते. त्याची स्प्रिंग मोडली, तेव्हा तुम्ही खाली सायकलच्या ट्यूबची चकती कापून घातलीत. अहो, ती स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. दर पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू दीडेक अंशाने वर सरकतो. सात पौंडांचं टोपण असेल तर पाणी शंभराऐवजी एकशे दहाच्या आसपास उकळतं. दाब नसला तर पुण्यात शंभराच्या जरा आतच, आणि वाईहून पसरणी घाट चढत पाचगणी, महाबळेश्वर गाठलं, म्हणजे साडेतेराशे मीटरच्या आसपास गेलं, की पंच्याण्णव-शहाण्णवलाच. म्हणजे जिथे गाडी सगळ्यात जास्त राबते तिथे तुमच्या ट्यूबच्या चकतीने तिची मुभा सगळ्यात कमी केली. आणि घाटात वाफ दिसली की पुन्हा तेच : फियाट आहे, तापणारच.

पण तुमची खरी प्रतिभा पंख्यात दिसते. एका नव्या छोट्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा आणून तुम्ही समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे बसवलात, डॅशबोर्डखाली दिव्याचं बटण लावलंत आणि जुन्या मालकांना सांगितलंत, ‘ट्रॅफिकमध्ये चालू करा.’ ते बिचारे भक्तिभावाने चालू करत. मीही केला. नंतर एकदा गाडी अंगणात उभी करून जाळीपुढे वर्तमानपत्राचं पान धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते फडफडत माझ्या तोंडावर आलं. वायरी उलट्या! इंजिनाचा मूळ पंखा मागून हवा आत ओढतो आहे आणि तुमचा पंखा तीच हवा पुढून बाहेर ढकलतो आहे. दोघांची कुस्ती, मध्ये रेडिएटर. गाडी ट्रॅफिकमध्ये जास्त तापत होती ती तुमचा पंखा चालू केल्यामुळे. दोन वायरींची अदलाबदल केली, काम संपलं. शिवाय इंजिनाच्या पंख्याचा पट्टा इतका सैल होता की पंप आणि पंखा दोन्ही निवांत होते. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा बोटाच्या जाडीइतका दबावा. तुमचा दोन बोटं जात होता.

मग कधीतरी गाडी चढावर खडखडायला लागली असणार. तापलेल्या इंजिनात मिश्रण अवेळी पेटतं, त्याचा तो आवाज. तुम्ही काय केलंत? डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग मागे नेलंत. खडखड थांबली, मालक खूष. पण ठिणगी उशिरा पडली की जळणारा वायू पिस्टन ढकलण्याऐवजी भिंती आणि सायलेन्सरचा पाईप तापवत बसतो. म्हणजे तापल्यामुळे टायमिंग मागे आणि टायमिंग मागे गेल्यामुळे आणखी ताप. एका दुखण्यावर त्याच दुखण्याचं औषध देण्याची ही पद्धत तुम्ही कुणाकडे शिकलात हे कळलं, तर त्या गुरूंनाही एक पत्र लिहायची इच्छा आहे.

पुढचं प्रकरण जुन्या मालकांकडून ऐकलेलं. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर काटा लाल रेघेला भिडला, आणि मग आपसूक खाली आला. त्यांना वाटलं, देव पावला. देव नव्हता पावला, पाणी संपलं होतं. सेन्सर पाण्याबाहेर, उघडा पडला की काटा असा खोटा उतरतो. वर पोचेपर्यंत गाडी बंद. तुम्हाला फोन केला तर तुमचा सल्ला तयार : ‘गार पाणी ओता!’ त्यांनी ओतलं. खाली बीडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि तसंच आकसतं. तापून लाल व्हायच्या बेतात असताना अंगावर गार पाणी पडलं की हेड वाकणार नाही तर काय? उघड्या टोपणातून तोंडावर वाफ आली नाही हे त्यांचं नशीब. अर्धा तास थांबायचं, टोपणावर जाड फडकं टाकून ते अर्ध्यावर सोडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग इंजिन चालू ठेवून पाणी बारीक धारेने. एवढं सांगायला तुम्हाला फोनचे किती पैसे पडले असते?

ते हेड अखेर आम्ही उचललं. सरळ पट्टी ठेवली तर मधल्या दोन सिलिंडरांच्या जागी खालून उजेड दिसत होता. फेस मारून घेतला, नवं गॅस्केट टाकलं, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांतून नळीने पाणी सोडलं. आधी विटेच्या रंगाचं आलं, मग चहाच्या, बऱ्याच वेळाने स्वच्छ. नवं टोपण, नवे होज, पट्टा ताणून, टायमिंग जागेवर, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट. यात असामान्य असं काही नाही. सगळा सामानसुमानाचा खर्च मिळून एका बऱ्या मोबाइलच्या आत बसतो. तुमचे वर्षानुवर्षांचे ‘थोडेच पैसे’ एकत्र केले तर कदाचित त्याहून जास्त भरतील.

गेल्या मे महिन्यात भरदुपारी खंबाटकी चढलो. पुढे ट्रक, मागे एसटी, आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसून राहिला. पुढे वाई, पसरणी, पाचगणी. तिथे पोचल्यावर टोपणाला हात लावायची गरजच पडली नाही. मागच्या सीटवरचे आमचे काका तुमच्याच पंथाचे आहेत. घाटभर ‘थांब रे, पाणी बघ, फियाट आहे’ असं चाललं होतं. वर उतरल्यावर त्यांनी बोनेटला हात लावून पाहिला आणि जरा नाराजच झाले.

थर्मोस्टॅट तुमच्याकडे पडून असेल तर पाठवू नका, नवा बसवला आहे. खर्चाची यादी सोबत जोडली आहे, पातेल्यासकट. पैसे मिळतील अशी आशा नाही, पण नोंद असावी.

कळावे,
तुमच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा सध्याचा मालक

ता. क. : एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. ब्लॉकमधून पाणी काढायच्या प्लगचं डोकं तुम्ही घासून पार गोल केलं आहे. पाना बसत नाही, पकड सरकते, छिन्नी लावली तर ब्लॉकची भीती वाटते. षटकोनी प्लग इतका गुळगुळीत वाटोळा कोणत्या हत्याराने होतो, तेवढं उलट टपाली कळवा.