कोणाकडं आलात?

परभणी जिल्ह्यातली जुनी गावं पाहायला निघताना पाण्याची बाटली, टोपी वगैरे घ्यालच. पण खरी तयारी एका उत्तराची लागते. गावात पाऊल टाकलं की पारावरून प्रश्न येतो, "कोणाकडं आलात?" त्यावर "कोणाकडं नाही, मंदिर पाहायला आलोय" असं कधीही म्हणू नये. भर दुपारी, गळ्यात कॅमेरा अडकवून, एक माणूस नुसतं मंदिर पाहायला आलाय यावर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. पार दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग तुमची वर्गवारी लागते : पीकविम्यावाले, मोजणीवाले, बँकेवाले किंवा मुलगी पाहायला आलेले. शेवटच्या वर्गात पडलात तर चहा जास्त गोड येतो.

उपाय एकच. निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मराठवाड्यातला एखादा नातेवाईक हुडकून ठेवावा. आत्याच्या जावेची माहेरची माणसं चालतात. "आमच्या आत्याच्या जाऊबाई सेलूच्या" एवढं म्हटलं की पारावरची मंडळी सरकून जागा करतात. मग तुम्ही पर्यटक राहत नाही, पाव्हणे होता. पाव्हण्याला मंदिराची वाट सांगतात. पर्यटकाला परतीची एसटी किती वाजता आहे ते सांगतात.

हंगामाबद्दल. उन्हाळ्यात येऊ नये, कारण ऊन असतं. पावसाळ्यात येऊ नये, कारण इथली काळी माती बुटाला चिकटली की तुम्ही दर पावलाला थोडे उंच होत जाता. डिसेंबरात यावं, पण स्वेटर आणावा. मराठवाडा म्हणजे उकाडा अशा समजुतीने हातात सुती रुमाल घेऊन आलेले पुणेकर मी शेकोटीपाशी कोणाचं तरी घोंगडं मागताना पाहिले आहेत.

रेल्वेने येत असाल तर आणखी एक खबरदारी. निजामाच्या काळात, सुमारे १९०० साली, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लाईन पडली आणि जिल्ह्याला स्टेशनं मिळाली. मात्र स्टेशनाच्या नावात 'रोड' असेल तर गाव तिथे नाही, असा त्याचा अर्थ. मानवत रोडला उतरून "मानवत कुठंय?" असं विचारणारा माणूस स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याला दुरून ओळखू येतो.

आता पाहायचं काय? इथे एक दुःखद प्रकरण सांगणं भाग आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वाटणीत औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग तिकडे गेलं, संत नामदेवांचं नरसीही तिकडे गेलं. जनाबाईंचं गंगाखेड आमच्याकडे राहिलं. नामदेवांच्या घरी जन्मभर दळण-कांडण केलेल्या जनाबाई शासकीय हद्दीमुळे सातशे वर्षांनी त्या घरातून सुटल्या म्हणायच्या. थोडक्यात, जी ठिकाणं आधीच नकाशावर होती ती गेली. उरली ती अशी गावं, जिथे तिकीटखिडकी नाही, गाईड नाही आणि संडास विचारू नये.

पाथरीला जाणाऱ्याने जीभ आवरावी. हे गाव पाचशे वर्षं भांडणाचं मूळ आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते असं सांगतात. बुऱ्हाण निजामशहाला म्हणून हे गाव हवं होतं, पण ते होतं वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बदल्यात दुसरा मुलूख घ्या म्हणून सांगून पाहिलं. इमादशहा ऐकेना. मग १५१८ मध्ये फौज पाठवून पाथरी घेतली. आमच्याकडे बांधावरून भावकी कोर्टात जाते, त्याचीच ही शाही आवृत्ती. पुढे जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान म्हणून विकासासाठी शंभर कोटी जाहीर केले आणि तिकडे शिर्डी बंद झाली. तेव्हा पाथरीत कोणी "तुमचं काय मत?" असं विचारलंच, तर चहा फार छान झालाय म्हणावं. शिर्डीतही हेच म्हणावं.

खरा अभ्यासक्रम चारठाण्याला सुरू होतो. जिंतूर तालुक्यातलं हे गाव. एकेकाळी इथे वर्षाच्या दिवसांइतकी देवळं होती असं गावकरी सांगतात. तो आकडा तपासत बसू नये. उरलीत तेवढी पाहायलाच दिवस मोडतो. कोरीव उंच स्तंभ आहे, त्याला कोणी मानस्तंभ म्हणतं, कोणी दीपमाळ. बारव आहे, गल्लीबोळात देवळं आहेत. मात्र इथे मंदिर शोधायची रीत निराळी आहे. वर शिखराकडे बघत चालू नये, खाली बघावं. ओट्याची पायरी, गोठ्याच्या उंबरठ्याची शिळा, धुणं आपटायचा दगड, यांच्याकडे नीट पाहावं. अशाच एका जुन्या गावात मी एका न्हाणीपाशी थबकलो होतो. पाय धुवायला म्हणून लावलेल्या दगडावर कीर्तिमुख होतं, बटबटीत डोळे, वळलेल्या मिशा, सगळं शाबूत. आणि त्या उघड्या जबड्यात, बरोबर दातांच्या मधोमध, लाल साबणाची झिजलेली वडी ठेवलेली. घरच्या मावशींना म्हटलं, "मावशी, हा दगड आठशे वर्षं जुना असेल." त्या म्हणाल्या, "असंल की. आमच्या सासऱ्यानं बसवला." आणि वडी उचलून बाजूला ठेवली, मला फोटो नीट यावा म्हणून.

कुठलंही देऊळ कोणी बांधलं हे विचारलं की दोनच उत्तरं मिळतात : पांडवांनी एका रात्रीत, किंवा हेमाडपंताने. दुसरं उत्तर देणारा शिक्षक असतो. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून केलेल्या प्रत्येक बांधकामावर त्याचं नाव पडलं, त्याच्या आजोबांच्या जन्माआधीच्या देवळांवरसुद्धा. शिवाय मोडी लिपी त्याची, बाजरी त्याचीच. इतकी खाती एका मंत्र्याकडे नंतर कधी आली नाहीत. तरी पारावर बसून ही दुरुस्ती करू नये. तुम्ही शिलालेख आणि शतकं सांगाल, पार तुम्हाला भीमाने दगड कसा उचलला ते हात पसरून दाखवेल, आणि खरं सांगतो, त्यांचं कथन जास्त रंगतं.

गोदाकाठचं धारासूर सोडू नये. तिथे नदीला गोदावरी म्हणू नका, गंगा म्हणा. गुप्तेश्वराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहताना तोंड उघडं राहतं, ते वेळेवर मिटावं.

शेवटी वालूर, सेलू तालुक्यात. इथली बारव चौकोनी नाही. गोगलगाईच्या शंखासारख्या पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. अशा बारवा फार थोड्या. वरून पाहिलं तर ती फोटोतल्यापेक्षा लहान वाटते. चार पायऱ्या उतरलात की गावातला आवाज कमी होतो, आठ उतरलात की गारवा लागतो आणि वर फक्त आभाळाचा गोल तुकडा उरतो. इथे मात्र मार्गदर्शकाचा थट्टेचा सूर बंद होतो, कारण ही बारव बरीच वर्षं गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. ती उपसली गावातल्याच माणसांनी, घमेली हातोहात देत. महाराष्ट्र बारव मोहिमेच्या हाकेला ओ देऊन महाशिवरात्रीला अशा बारवांच्या पायऱ्यांवर गावोगाव पणत्या लागतात, त्याही गावातलीच माणसं लावतात.

तेव्हा पाव्हणे, उतरा, बसा, फोटो काढा, पायऱ्यांवर खडूने नावं लिहू नका. आणि सोबत आणलेला मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाल्यावर कागदी प्लेट पिशवीत घालून परत न्या.