दुखणं कुणाचं?

आळंदीत ट्रॅक्टर बिघडला की मिस्त्रीच्या आधी मतं पोचतात. ‘ज्या गावात भिंत चालली तिथं ट्रॅक्टर अडावा!’ असं म्हणून पहिला पाहुणा मोकळा होतो. भिंतीला गिअरबॉक्स नव्हता, हे त्याला कुणी सांगत नाही. मग मला बोलावणं येतं. मी चाकणला एका कंपनीत पगारपत्रकं करतो. पण चाकणला गाड्या बनतात आणि मी रोज चाकणला जातो, म्हणजे मला यंत्रातलं कळतं, असा आमच्या अण्णाकाकांचा सरळ हिशेब.

अण्णांचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं मोठा. बरंचसं रान प्लॉटिंगमध्ये गेलं, ट्रॅक्टर तेवढा राहिला. उरलेल्या तुकड्यात रोटाव्हेटर, लग्नसराईत कार्यालयांना पाण्याचा टँकर आणि वारीत दिंडीचं सामान, एवढा त्याचा संसार. यंदा ज्येष्ठ वद्य अष्टमीचं, माउलींच्या पालखीचं प्रस्थान तोंडावर आलं आणि त्यानं एकदम दोन तक्रारी काढल्या. लिफ्ट कण्हत, गचके देत उचलू लागली. आणि पीटीओचा, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या शाफ्टचा, दांडा टाकला की आतून कर्रर्र!

कट्ट्यावर निदान सुरू झालं.

‘हायड्रोलिकचा पंप गेला.’

‘पंप कसला, पीटीओचे दात गेले.’

‘दोन्ही गेलं. मधून तोडा आणि अख्खा खोला!’

साध्या दुखण्याला आमच्याकडे मान नाही. ‘आधी तेलाची पट्टी बघा’ म्हणणाऱ्याकडे लोक, लग्नाच्या पंगतीत पोहे मागणाऱ्याकडे बघावं तसे बघतात.

मिस्त्री आला आणि त्यानं नेमकी पट्टीच काढली. तेल दुधाळ, वर फेस. ‘पाणी शिरलंय,’ तो म्हणाला. जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक बहुधा एकाच तेलावर चालतात. एकाच्या दारातून पाणी आलं की तिघांच्या घरात जातं. पंप तेच फेसाळ तेल ओढतो, म्हणून लिफ्टला गचके. दारही सापडलं. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असलेलं रबर फाटलं होतं आणि वळवाचा पाऊस दांड्यावरून थेट आत उतरत होता. ‘रात्रभर जागचा हलवू नका,’ मिस्त्री म्हणाला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी ड्रेन नट जरा ढिला केला, तर आधी नुसतं पाणी आलं, मग ताकासारखं दिसणारं तेल. फेस आमच्या इंद्रायणीवरही येतो, पण नदीला ड्रेन नट नाही.

मग तो ट्रॅक्टरखाली सरकला. क्लचच्या घराला तळाशी एक भोक असतं, त्यात सैल कॉटर पिन लटकते; ती हलत राहून भोक मोकळं ठेवते. भोक कोरडं होतं. ‘इथून गळलं असतं तर वास घेतला असता. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअरबॉक्सचं सील, नाहीतर इंजिनाचं. लोक मात्र गळतंय म्हणून भोकच बुजवतात. मग तेल क्लचप्लेटवर!’

राहिला पीटीओ. ‘अण्णा, टाकून दाखवा.’ अण्णांनी क्लच दाबला, दांडा टाकला, कर्रर्र! मिस्त्री दांड्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर अण्णांच्या डाव्या पायावर.

‘अण्णा, गुडघा दुखतो का?’

‘गुडघ्याचा इथं काय संबंध?’

संबंध होता. ट्रॅक्टर डबल क्लचचा. पेडल निम्मं दाबलं की चाकं सुटतात. पीटीओ सुटतो तो पेडल पार तळाला गेल्यावर. अण्णांचं पेडल निम्म्यावरच थांबत होतं. मिनिटाला 540 फेऱ्यांनी रोटाव्हेटर फिरवायचा तो शाफ्ट. आतला गिअर फिरता असताना दांडा टाकला तर दात ओरडणारच. मिस्त्री स्वतः बसला, पेडल तळापर्यंत दाबलं, क्षणभर थांबला आणि दांडा टाकला. आवाज नाही.

संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर सांगत होते, ‘लई मोठं काम निघालं होतं, थोडक्यात भागलं.’ रबर सांगितलं, नवं तेल सांगितलं, गुडघा गाळला. घरी आल्यावर पायरी चढताना तेच कण्हले.

‘डब्यात उरलंय थोडं तेल,’ काकू आतून म्हणाल्या, ‘आणू का?’